वजाबाकी

जिथे केसपेपर मिळायचा त्या खिडकीत आता तिकीट मिळतं.
खिडकी तशीच ठेंगणी.
तेव्हा बाहेरचे वाकायचे आणि मी आत असायचे,
आज मी वाकले. गुडघ्यांनी हरकत घेतली.

मुलगा रुवीला असतो. गाडी लावायलाच त्याला अर्धा तास लागला.
"आई, हेच ना तुझं हॉस्पिटल?"
हेच. हा मलईचा रंग सोडून.
आमच्या वेळी चुना होता, आणि चुन्याला खारे पोपडे,
सकाळी झाडावेत तर दुपारी पुन्हा खाटांवर.

चौसष्ट साली मिरजेहून आले मी.
बोटीत पाच दिवस, त्यातले चार बादलीपाशी.
इथे चालायचा तो रुपया आपलाच, रंग तेवढा वेगळा,
मनीऑर्डर करताना वाटायचं
घरातल्या घरात पैसे देतोय.

पहिला अरबी शब्द शिकले तो वजा.
वजा म्हणजे दुखणं.
वेन अल-वजा? पोटात वजा, पाठीत वजा,
आणि माझ्या डोळ्यांपुढे पाटीवरची आडवी रेघ,
जणू प्रत्येकातून कुणीतरी काहीतरी काढून घेतलेलं.
खुपऱ्यांनी पापण्या आत वळलेल्या बायका यायच्या
डोंगरापलीकडून, गाढवावर, तीन तीन दिवस चालून.
अंगणात शेळी बांधायच्या, चूल मांडायच्या.
बऱ्या झाल्या की शेळी आम्हाला.

रात्री वेशीचं दार बंद व्हायचं,
कंदिलाशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायची बंदी.
एकदा दाराबाहेरच अडली एक.
आमचा वॉर्डबॉय हुमैद पहारेकऱ्याशी भांडत राहिला,
आणि मी दाराच्या फटीतून निघाले, पदर फाटला.
मुलगा झाला. नाव ठेवलेलं सांगून गेले होते, विसरले.
कंदिलाची काच डावीकडून तडकलेली होती
हे मात्र आठवतं.

मग मोठं सरकारी इस्पितळ आलं, लिफ्टचं.
इथल्या खाटा गेल्या, त्यामागून दारं.
मग तांदळाची पोती, मग पोत्यांमागून शेळ्या,
मग पंचवीस वर्षं
नुसतं काहीच नाही राहायला होतं इथे, बिनभाड्याने.

आता ऑपरेशनच्या खोलीत कॉफी मिळते.
बाळंतपणाच्या खोलीत मुद्दाम अंधार केलाय,
पडद्यावर समुद्र हलतो, लोक गप्प बसून बघतात.
त्या खोलीत कुणी गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
औषधाचं कपाट जागेवर आहे.
भिंतीतच बांधलेलं, जाणार कुठे.

आणि काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर,
माझी सांडशी.
खाली चिठ्ठी: शल्यक्रियेचे उपकरण, अंदाजे एकोणीसशे साठ,
मुठीवर अपरिचित लिपीत निर्मात्याची खूण.
निर्माती माझी आई.
मिरजेच्या बाजारात भांडी घेताना
दुकानदाराकडून नाव घालून घेतलं होतं तिने: र. यो. हि.
रूथ योसेफ हिवाळे. पोरगी परक्या घरी भांडी हरवेल म्हणून.
मी हसले तर मुलगा ओशाळला.

तिथली शमसा नावाची मुलगी धावत आली.
तिने वहीत लिहून घेतलं, उच्चार तीनदा विचारला.
ड तिच्या जिभेवर ठरेना. सांदशी, सांदशी.
"मग हे स्वयंपाकघरातलं? चिठ्ठी चुकली आमची?"
मी सांगितलं, उकळत्या पाण्यातून सुया काढायचा चिमटा
बोटीने यायचा होता. सहा वर्षं येतच होता.
तोवर सुया हिनेच काढल्या.
आणि रविवारी वरणाचं पातेलं, हिनेच.
राहू दे गं चिठ्ठी. खोटं काही लिहिलं नाहीस.

कॉफी कडू होती, वेलची जास्त.
छपराचा हूक बघत प्यायले,
दिवा लटकायचा तो, बारा वर्षं माझ्या डोक्यावर.
पैसे मीच दिले, मुलाला देऊ दिले नाहीत.
गल्ल्यावरच्या पोराने नाणी मोजून तळहातावर ठेवली.
"अल-बाकी, खाला."

हा शब्द मला कुणाला शिकवावा लागला नव्हता.